वाव्हळे गार्डचे सहा आठवडे

वाव्हळे गार्ड पूर्णेच्या फलाटावर नुसतं ‘चला’ म्हणाले की चुडाव्याच्या शिवारात चरणाऱ्या म्हशी घराकडं निघायच्या. हे मी पुष्कळ ठिकाणी सांगितलंय आणि आजवर एकानंही उलटतपासणी केलेली नाही. त्यांचा आवाजच तसा होता. रेल्वेनं त्यांना हिरवा झेंडा, लाल झेंडा, कंदील आणि शिट्टी दिली होती. त्यातली शिट्टी सरकारनं फुकट वाया घालवली, असं आम्हा स्टेशनातल्या लोकांचं मत होतं.

मी तिकिटाच्या खिडकीत बसायचो. मला सगळे ‘बाबू’ म्हणत आणि माझ्या पाठीमागं थापाड्या म्हणत. वाव्हळे मात्र तोंडावरच म्हणायचे. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, त्यामुळे अरे-तुरे. मी त्यांना गार्डसाहेब म्हणायचो. काळा कोट, पांढरी पँट आणि कोटाच्या आत दडवलेलं साखळीचं घड्याळ. ते घड्याळ बघून मुंबईवाले आपली घड्याळं लावतात, अशी बातमी मीच पसरवली होती.

घड्याळाचा नाद त्यांना फारच. मालगाडी कुठल्या मिनिटाला सुटली, कुठल्या मिनिटाला पोचली, हे लिहिता लिहिता त्यांना माणसंही तशीच दिसायला लागली होती. सासरे वारले तेव्हा रजेचा अर्ज घेऊन आले. मी दुखवट्याचं तोंड केलं. ते म्हणाले, ‘अकरा वीसला गेले. लय हाल न्हाई झाले, वेळेत गेले.’ कुणाच्या मुलीचं स्थळ असो, कुणाचा ताप असो, त्यांचा प्रश्न एकच, ‘लाइन क्लियर हाय का?’ आहे म्हटलं की पुढं चौकशी नाही. नाही म्हटलं की शेजारी बसून राहायचे. सल्ला द्यायचे नाहीत. सिग्नल पडेपर्यंत गाडीत बसावं तसे बसायचे.

त्यांचं गाव पूर्णेपासून दोन कोसांवर, रुळाला लागून. गावच्या फाट्यावर आप्पांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बल्ल्यांवर पत्रे. त्या पत्र्यांच्या वळचणीला बाहेरच्या अंगाला तारेनं जर्मनच्या पत्र्याचे दोन कप टांगलेले असायचे. ते वाव्हळ्यांच्या वस्तीसाठी. आपल्या हातानं काढायचा, आप्पा वरून च्या ओतणार, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, विसळून पुन्हा टांगायचा. वाव्हळ्यांच्या बापानं जन्मभर तसाच च्या प्यालेला.

नवे नवे गार्ड झाले तेव्हाची गोष्ट. त्यांची मालगाडी गावच्या सिग्नलला उभी राहिली. कोट घालून हे खाली उतरले, आप्पांच्या हॉटेलापाशी गेले, वळचणीचे दोन्ही कप काढले आणि शांतपणे इंजिनापुढच्या रुळावर नेऊन ठेवले. सिग्नल पडला. त्रेचाळीस डबे त्यावरून गेले. मी हे सांगताना त्र्याऐंशी सांगतो. परतीच्या फेरीला त्यांनी रुळाकडेच्या त्या दोन चकत्या उचलल्या, आप्पांपुढं ठेवल्या आणि म्हशींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, ‘आता ह्यात च्या ओता.’

आप्पांनी एकदा चकतीकडं पाहिलं, एकदा कोटाकडं. मग आतली कपबशी काढली. वाव्हळे आत बाकड्यावर बसून च्या प्याले. त्या दिवसापासून वळचणीला नवे कप काही लागले नाहीत. आप्पांचं मन बदललं की जर्मनचा भाव वाढला, ते आप्पांनाच ठाऊक.

ह्या गोष्टीवरून वाव्हळे फार लढाऊ होते असा कुणाचा समज होईल. तसं नाही. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्यांना आगी लागल्या. त्यात त्यांच्या थोरल्या भावाचं घर जळालं. ते त्यावर माझ्याशी एकच वाक्य बोलले, ‘दुपारी तीन दहाला छप्पर पडलं.’ नंतर सोळा वर्षांत पुन्हा कधी नाही.

गळ्यातली गाठ न्हाव्याला सापडली. दाढी करता करता तो म्हणाला, ‘साहेब, वस्तरा हितं चढायलाय.’ वाव्हळ्यांनी आरशात बघत पाणी पिऊन पाहिलं. घोटाबरोबर गाठ वर गेली, खाली आली. रेल्वेच्या डॉक्टरनं पाहिलं आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. पास निघाला. तिथं सुई घालून तपासलं आणि सांगितलं, थायरॉइडचा कॅन्सर आहे, पण घाबरू नका, हा चांगल्या जातीचा असतो.

‘बाबू,’ ते मला नंतर म्हणाले, ‘माझ्या नावापुढं चांगली जात पैल्यांदाच लागली. आन लावली कुणी, तर ब्राह्मण डॉक्टरनं.’

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच डॉक्टरनं त्यांना बसवून समजावलं. आवाजाची एक नस गाठीला चिकटलेली वाटते. ती वाचवायला गेलो तर गाठीचा तुकडा मागं राहू शकतो, आणि तुकडा राहिला तर हे दुखणं परत येऊ शकतं. नस घालवली तर आवाज जाईल. कौसल्यावहिनी, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, आवाज गेला तर गार्डची नोकरी जाईल. वाव्हळे म्हणाले, ‘आवाज काढून घ्या. पर परत येऊ देऊ नका.’

एवढाच सौदा होता. वाव्हळ्यांनी आपली बाजू पाळली.

गळ्यावर आडवा व्रण घेऊन ते आले तेव्हा मी खिडकीतून ओरडून विचारलं, गार्डसाहेब, लाइन क्लियर? त्यांनी तोंड उघडलं. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा जावी तसं काहीतरी आलं. मी तिकिटं मोजायला लागलो. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. पुढंही पुष्कळदा असंच झालं. वाटायचं ते वेळेवर वाटत नाही, आणि नंतर वाटून काही उपयोग नसतो.

रेल्वेनं तपासणी करून त्यांना गाडीवरून उतरवलं आणि पार्सल ऑफिसात बसवलं, माझ्या खिडकीला लागून. पहाटे उपाशीपोटी एक गोळी, आणि ती जन्मभर. पाच चाळीसला गोळी, सहा दहाला चहा. मधली तीस मिनिटं ते घड्याळाकडं बघत बसायचे. गोळी अंगात गेल्याचं त्यांना त्यात दिसायचं म्हणे.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी त्यांना पुन्हा मुंबईला बोलावलं. गाठीचा बारका कण कुठं राहिला असेल तर तो जाळायला आयोडीन पाजतात. आयोडीन साधं नाही, त्याच्या अंगातून किरणं निघतात. ते पिऊन माणूस काही दिवस एका खोलीत एकटा. ताट दारातून आत सरकवायचे. डॉक्टर उंबऱ्याबाहेर उभा राहून हातातल्या यंत्रानं त्यांना मोजायचा, आत येत नव्हता. घरी सोडताना सांगितलं, पंधरा दिवस ताटवाटी वेगळी, अंथरूण वेगळं, कुणाच्या जवळ बसायचं नाही. लहान मुलं आणि पोटुशी बाई यांच्यापासून तर लांबच.

‘आमच्या आज्याला हेच शिकीवलं हुतं,’ वाव्हळे म्हणाले, ‘बिनमशीनचं.’

रेल्वेचं क्वार्टर दीड खोलीचं आणि थोरली मुलगी बाळंतपणाला आलेली. म्हणून ते पंधरा दिवसांसाठी गावी गेले, भावानं पुन्हा उभ्या केलेल्या घराच्या पडवीत राहायला. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण मी त्यांचा पगार घेऊन त्याच दिवशी गेलो होतो. पगार हातात न देता दगडाखाली ठेव, असं त्यांनी दुरूनच खुणावलं.

सकाळी त्यांना च्याची तलफ आली. फाट्यावर आले, आप्पांच्या हॉटेलाबाहेर दहा पावलांवर उभे राहिले आणि त्या फुटक्या आवाजात म्हणाले, ‘आप्पा, माझा कप येगळा ठेवा.’

आप्पा एव्हाना म्हातारे झालेले. हातातली किटली त्यांनी खाली ठेवली. बाकड्यावर आठदहा जण होते, त्यांचे घोट जागच्या जागी थांबले. आप्पांना वाटलं, वीस वर्षांचा हिशेब चुकता करायला हा माणूस आज चारचौघांत आला. ‘गार्डसाब,’ आप्पा म्हणाले, ‘झालं गेलं. आता म्हाताऱ्याला कशाला मारता? आत या, बसा.’

वाव्हळे मागं सरले. हातानं नको नको म्हणाले. सांगायला तोंड उघडलं तर हवा. किरण, आयोडीन, पंधरा दिवस, असे तुकडे तेवढे आले. आप्पा कप भरून बाहेर आले आणि त्यांच्या हातात देऊनच हलले. वाव्हळे दूर जाऊन प्याले आणि तो कप फेकून द्यावा की जमिनीत गाडावा ह्या विचारात उभे राहिले. तेवढ्यात आप्पांनी येऊन तो हातातून ओढला, त्यातच किटलीतून च्या ओतला आणि सगळ्यांच्या देखत पिऊन टाकला.

डॉक्टरनं जे करू नका म्हणून चारदा बजावलं होतं, नेमकं तेच आप्पांनी पुण्य म्हणून केलं. जन्मात कधी वस्तीतलं पाणी न प्यालेला माणूस त्या दिवशी किरणं प्याला. आणि एकानं केलं म्हटल्यावर बाकीच्यांना चेव आला. पाटलांच्या घरचे दोघं उठून वाव्हळ्यांना आत न्यायला धावले. एक जण खांद्यावर हात टाकायला लागला. वाव्हळे पळाले. पन्नाशीचा माणूस, गळ्याला व्रण, पुढं ते आणि मागं शिवाशिव मोडायला निघालेलं गाव. वस्तीपर्यंत मी शंभर माणसं सांगतो. पाच होती.

एवढ्यानं भागलं नाही. संध्याकाळच्या आत वस्तीतल्या पोरांना बातमी लागली की गार्डसाहेबांनी आप्पाकडं स्वतःच्या तोंडानं वेगळा कप मागितला. मोर्च्यांत जाणारी पोरं, तापलेली. पुतण्या, थोरल्या भावाचा मुलगा, मोर्च्यातून तेव्हाच गावी परतलेला, पडवीसमोर येऊन उभा राहिला. ‘काका, बापाचं घर जळालं आमचं. आन तुमी आपल्या हातानं कप मागायलाव?’

वाव्हळ्यांनी त्याला हातानं लांब थांबवलं. पोराला वाटलं, आता हे आम्हालाही लांब करायलेत. तो तसाच पुढं येत राहिला. शेवटी वाव्हळ्यांनी पेटीतून दवाखान्याचा कागद काढला, दगडाखाली ठेवला आणि पडवीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. पोरानं कागद उचलला. तो इंग्रजीत होता. मी वाचून सांगितला. पहिल्यांदाच जेवढं लिहिलं होतं तेवढंच सांगितलं, कारण त्यात वाढवायला जागाच नव्हती.

पोरानं कागद परत दगडाखाली ठेवला. मग पडवीबाहेर, बरोबर दहा पावलांवर, गोणपाट टाकून बसला. पंधरा दिवस रोज तिथंच बसायचा.

आप्पांना काही झालं नाही. उलट ते पुढं नव्वदीपर्यंत टिकले. मी त्याचं श्रेय किरणांना देतो.

आता सहा आठवडे. आयोडीन पिऊन झालं तरी दुखणं गेलं असं कुणी लिहून देत नव्हतं. दहा वर्षांनी येतं, वीस वर्षांनीही येतं, डॉक्टर म्हणाले. म्हणून दरवर्षी मुंबईला जाऊन अंगाचा फोटो काढायचा. आणि फोटो नीट निघावा म्हणून त्याआधी सहा आठवडे गोळी बंद.

गोळी बंद झाली की पहिला आठवडा काही कळायचं नाही. दुसऱ्यात चेहरा सुजायचा. तिसऱ्यापासून वाव्हळे हळूहळू बंद पडायचे. थंडी वाजायची. परभणी जिल्ह्यातला मे महिना, रुळावर भाकरी भाजावी असं ऊन, आणि हे पार्सल ऑफिसात कानटोपी घालून घोंगडी पांघरून. तोलायला आलेल्या एका व्यापाऱ्यानं त्यांना पार्सल समजून पत्ता शोधला, असं मी सांगायचो. मी सोमवारी विनोद केला तर ते बुधवारी हसायचे. बुधवारी मला आठवायचं नाही की हे कशाला हसतायत.

कौसल्यावहिनी एकदा डबा घेऊन आल्या आणि माझ्या खिडकीपाशी थांबल्या. ‘बाबूभाऊजी, पोतं ठिवल्यावानी झालंय घरात. बसवलं की बसत्यात, उठवलं की उठत्यात. मला रडूबी येत न्हाई. कुणापुढं रडू?’

मी गार्डसाहेबांना विचारलं, ह्या दिवसांत भीती वाटते का? परत आलंय की काय, ह्याची? त्यांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की मधे एक पॅसेंजर येऊन गेली. ‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘भ्या वाटायलाबी गोळी लागती.’

सात वर्षं ते असे जाऊन आले. सातही वेळा मुंबईहून उतरताना फलाटावर अंगठा वर करायचे, आणि मी स्टेशनात चहा सांगायचो. दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला पुन्हा गोळी, आणि पंधरा दिवसांत माणूस परत.

आठव्या वर्षी दवाखान्यानं तारीख अलीकडं ओढून जानेवारीची दिली. म्हणजे गोळी डिसेंबरच्या सुरुवातीला बंद करायची. त्र्याण्णव संपत आलेलं. नामांतर आता होणार, ह्याच जानेवारीत होणार, असं वातावरण होतं. वाव्हळ्यांनी गोळी बंद केली नाही. वहिनींना वाटलं विसरले. त्यांनी डबी लपवली, तर ह्यांनी दुसरी आणली. मग वहिनींनी मला समजूत घालायला बोलावलं.

मी सांगितलं, गार्डसाहेब, तारखेला जावं. त्यांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं, कारण लांबून ते ऐकू येत नसत. ‘सोळा वर्सं झाली,’ म्हणाले. ‘घर जळालं तवा मला सगळं दिसलं. आन नाव लागंल त्या दिशी मी पोत्यावानी बसू? सांग, बुधवारी कळंल का मला?’

माझ्याजवळ शंभर थापा तयार असतात. त्यातली सगळ्यात लहान मी काढली. मी वहिनींना म्हणालो, सहा महिन्यांनी काय फरक पडतो, उन्हाळ्यात जातील. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. ते बघणं मी कुठंही सांगत नाही.

चौदा जानेवारीला नाव लागलं. पूर्ण बदल नव्हता, विस्तार होता. त्यावरून वाद झाले, अजून होतात. त्या दिवशी मी त्यांच्या क्वार्टरला गेलो. पुतण्या गुलाल लावून आला होता आणि आज दहा पावलांवर थांबायची गरज नव्हती. वाव्हळे दारात खुर्ची टाकून बसले होते आणि रडत होते. आवाज नव्हताच, त्यामुळे ते रडणं शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही. अंग मात्र गदगदा हलत होतं. वहिनींनी मला च्या दिला. मग त्याही त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या, पदर तोंडाला लावून.

मे महिन्यात त्यांनी गोळी बंद केली आणि जूनच्या सुरुवातीला मुंबईला निघाले. मी त्यांना गाडीवर सोडायला गेलो. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

फलाटावर कौसल्यावहिनी पाणी भरायला नळावर गेल्या होत्या. वाव्हळे बाकावर बसले होते, कानटोपी, स्वेटर, चेहरा सुजून गोल. बोलणं जाड झालेलं, शब्दाशब्दात अंतर. त्यांनी स्वेटरची वरची दोन बटणं काढली, मान उजवीकडं केली.

‘हितं हात लाव.’

मी म्हणालो, कशाला? मुंबईत बघतीलच की.

‘माझ्या बोटाला काय कळंना झालंय. तू लाव.’

जुन्या व्रणाच्या वर, जबड्याच्या खाली मी दोन बोटं ठेवली. कातडी थंड होती आणि कोरडी. बोटांखाली ती होती. दाबली तरी हलली नाही. मी बोटं लगेच काढली नाहीत. नळावर वहिनींची बाटली भरत आली होती.

‘केवढी हाय?’

‘तुरीच्या दाण्याएवढी,’ मी म्हणालो. ‘त्याहून बारीकच. नसेलही काही.’

त्यांनी बटणं लावली. एक लावलं, दुसरं सापडेना, मी लावून दिलं. सावकाश मान वळवून ते माझ्याकडं बघत राहिले.

‘बाबू,’ ते म्हणाले, ‘लय वर्सं झाली तुला बघायलोय. सरड्याची मगर करणारा माणूस तू. कमी कवापासनं सांगाया लागलास?’

गाडी आली. वहिनींनी पिशव्या चढवल्या, मी गार्डसाहेबांना दंडाला धरून वर चढवलं. खिडकीशी बसले. मी बाहेरून काहीतरी बोलत होतो, गर्दी कमी आहे, जागा छान मिळाली, असलं. दुपारचे बारा वाजून गेले होते, डब्याचा पत्रा हात लावू देत नव्हता, आणि सगळ्या डब्यातल्या लोकांनी वाऱ्यासाठी माना बाहेर काढल्या होत्या. वाव्हळ्यांनी दोन्ही हातांनी खिडकीचं शटर धरलं आणि थोडं थोडं करत पूर्ण खाली ओढून घेतलं. त्यांना थंडी वाजत होती.